दुसरा पांढरा

आपण आज मरणार आहोत, हे वेंडेल प्रॅदरला सकाळी पावणेसातला कळलं. तेव्हा त्याच्या तोंडात बरिटोचा घास होता आणि मेकअपवाली लुपे त्याच्या कपाळावर रबराची जखम चिकटवत होती.

“ही कसली जखम?”

“मरणाची. हलू नकोस.”

“कोणाच्या मरणाची?”

लुपेने आरशाखालच्या पानांकडे हनुवटीने खूण केली. पान बावन्न. बॉम्ब फुटतो. बाष्प कोसळतो. कोसळताना त्याची शक्ती संपते आणि तो दिसू लागतो. त्याचा चेहरा, पडदाभर. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो. मरतो.

काहीतरी म्हणजे काय, तेवढंही लिहायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

‘नववा मजला’ ही मालिका आठ मजली इमारतीच्या नवव्या मजल्यावर चालणाऱ्या एका गुप्तहेर खात्याची होती. खात्यातल्या प्रत्येक हेराला एकेक अचाट शक्ती. कर्नल पोलाद ही बाई रणगाडा वाकवायची. एकजण भिंतीला कान लावून पलीकडच्या देशातलं ऐकायचा. आणि वेंडेल जो करायचा तो बाष्प, तो अदृश्य व्हायचा. काम मिळालं तेव्हा वेंडेलने ओहायोला आईला फोन करून आपण सुपरहिरो झाल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून तीन वर्षं आई दर गुरुवारी टीव्हीसमोर बसायची आणि शुक्रवारी फोन करून विचारायची, “काल होतास का तू?”

पहिल्या पर्वात बाष्प अधूनमधून अदृश्य व्हायचा. दुसऱ्या पर्वात कोणाच्या तरी लक्षात आलं, की न दिसणाऱ्या माणसाला कपडे लागत नाहीत, मेकअप लागत नाही आणि त्याच्यावर दिवे लावायलाही वेळ जात नाही. मग तो बराच अदृश्य होऊ लागला. या तिसऱ्या पर्वाच्या तेरा भागांत वेंडेलचा चेहरा एकदाच दिसला होता, तोही पाठमोरा.

बाकीच्या नटांना बोलताना कुठेतरी बघायला हवं, म्हणून वेंडेलच्या उंचीच्या स्टँडवर एक टेनिसचा चेंडू बसवलेला असायचा. त्याच्यावर पट्टी चिकटवून कोणीतरी ‘वेंडेल’ असं लिहून ठेवलं होतं. हळूहळू सगळे चेंडूला वेंडेल म्हणायला लागले आणि वेंडेलला ‘तो दुसरा’. “वेंडेलला जरा डावीकडे घ्या,” अशी हाक आली की वेंडेल डावीकडे सरकायचा, आणि मग चौघं त्याच्यावर खेकसायचे, “तू नाही रे!”

जखम अर्धी चिकटलेली असतानाच तो उठला आणि पार्किंगकडे गेला. ब्रॅम हॅस्केल बॅटरीच्या छोट्या गाडीत बसत होता. मालिका त्याची, मुख्य लेखकही तोच. चॅनेलवाल्यांच्या बैठकीला निघाला होता.

“तू मला मारलंस,” वेंडेल म्हणाला.

“तीन वर्षं माझ्या डोक्याशी चेहरा, चेहरा करत होतास. घे चेहरा. पडदाभर दिलाय. नाकातले केस मोजतील लोक.”

“मरताना?”

“माणूस मरतानाच खरा दिसतो.”

“हे कुठे पटकथेत घातलं नाहीस ना? भयंकर वाक्य आहे.”

“बघ,” ब्रॅम म्हणाला. “याच्यासाठी.”

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून पटकथा वाचली, तेव्हा कर्नल पोलादच्या बापाच्या कबरीपाशी एक वाक्य होतं. ते वाचताना ब्रॅमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वाक्याला वेंडेल हसला. एकटा. आणि बराच वेळ.

तेवढ्यात मॉरीन ऑस्ट्रँडर पानांचा गठ्ठा छातीशी धरून आली. वय एकसष्ट, गळ्यात दोन घड्याळं, एक बंद पडलं तर असावं म्हणून. तिचं काम कंटिन्युइटीचं. एका शॉटमध्ये कप डाव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो उजव्या हातात जाऊ द्यायचा नाही. काय घडलं, किती वाजता, कुठल्या हाताने, हे सगळं ती वहीत टिपायची. वेंडेल आणि ती एकमेकांना अहो-जाहो करायचे. ती आदराची बाब नव्हती.

भांडण पहिल्या पर्वापासूनचं. एकदा चालू शॉट थांबवून ती म्हणाली होती, “मिस्टर प्रॅदर उजव्या दाराने आत आलेत. आवाज डावीकडून येतोय.”

“बाई, मी अदृश्य आहे.”

“अदृश्य आहात. गैरहजर नाही.”

तो शॉट सात वेळा घेतला गेला. सातही वेळा सगळ्यांनी राग वेंडेलवर काढला.

आता तिने ब्रॅमपुढे गठ्ठा धरला. “यावर ‘दुसरा’ छापलेलं नाही.”

पटकथेत बदल झाला की बदललेली पानं नव्या रंगाच्या कागदावर छापतात. पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी, सोनेरी, असं चेरीच्या रंगापर्यंत. सेटवर पानं वाचायला कोणाला वेळ नसतो. रंग बघतात. नवा रंग आला तर वाचायचं, नाहीतर नाही. ब्रॅमने हा चौदावा भाग इतक्या वेळा बदलला होता, की रंग संपून परत पांढरा आला होता. अशा वेळी पानाच्या डोक्यावर ‘दुसरा पांढरा’ असं ठळक छापतात. ब्रॅमने ते छापू दिलं नव्हतं. आपल्याला दहा वेळा लिहावं लागलं, हे कागदोकागदी मिरवायची त्याला हौस नव्हती. कोपऱ्यात मुंगीएवढी तारीख होती, बस्स.

“लोक पहिला पांढरा घेऊन बसतील,” मॉरीन म्हणाली.

“मॉरीन, लिहिणं माझं काम आहे. तू समोर जे घडेल ते टिपायचं. तेवढंच. मध्ये नाक खुपसायचं नाही.”

“तेवढंच?”

“तेवढंच!”

मॉरीनने घड्याळात बघून वहीत वेळ लिहिली आणि शेजारी ते वाक्य लिहिलं. ब्रॅम तडक निघून गेला. गाडी बॅटरीची असल्यामुळे तडक निघून जायला त्याला बराच वेळ लागला आणि तोवर तिघांनाही एकमेकांकडे न बघता थांबावं लागलं.

* * *

तळघरातल्या तिजोरीचा सेट सहा नंबरच्या स्टुडिओत उभा होता. दुपारी चारला तो पाडायचा होता. उद्यापासून तिथे दुसऱ्या कुठल्याशा मालिकेचं प्रसूतिगृह उभं राहणार होतं. दिग्दर्शक गस लिंडक्विस्ट फक्त या एका भागापुरता आलेला, संध्याकाळच्या विमानाने व्हँकुव्हरला पळणार होता. दिवसाच्या कामाच्या यादीत जेवणाआधीची शेवटची ओळ होती: ‘पान बावन्न. तिजोरीघर. बाष्प जातो.’

वेंडेल येऊन उभा राहिला. कपाळ फुटलेलं, गाल करपलेला, शर्ट रक्ताने ओला. सकाळपासून त्याने आरशात पन्नास वेळा तोंड उघडून पाहिलं होतं. बोलायचं काहीच नाही असं ठरवलं होतं. नुसते ओठ हलवायचे. लोक वर्षानुवर्षं वाद घालतील, तो काय म्हणाला म्हणून.

गसने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “हे रक्त कशाला?”

“म्हणजे?”

“दिसणार कुठायस तू? वेंडेलला आणा रे!”

चेंडू आला.

वेंडेलने गसच्या हातातली पटकथा पाहिली. महिनाभर वापरून चुरगळलेली, मधूनमधून निळी, गुलाबी, हिरवी पानं खोचलेली. पान बावन्न मात्र पांढरं होतं आणि त्यावर कॉफीच्या कपाचं गोल वाळलेलं होतं. ही पानं सकाळची असती तर डाग एवढा जुना नसता. सकाळची पानं कुठे होती, तेही त्याला दिसलं. कर्नल पोलाद करणारी कॉरीन व्हासेक ज्या खुर्चीत बसली होती, त्या खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली.

“कॉरीन, पान बावन्न वाचलंस?” त्याने जपून विचारलं.

“महिन्यापूर्वीच पाठ झालंय. आज परत तेच पाठवलं मूर्खांनी, पांढरं. आणि तू असा माझ्याजवळ उभा राहू नकोस, वेंडेलकडे बघताना मला तू दिसतोस.”

पहिल्या पांढऱ्यात बाष्प मरत नव्हता. कर्नल पोलाद तिजोरीचं दार धरून ठेवायची, अदृश्य बाष्प हवेच्या पाइपातून निसटायचा. त्याचं वाक्य एकच: “मी गेलो.” चेहरा नाही, नाक नाही, काही नाही. नुसता चेंडू. पण जिवंत.

वेंडेलला घाम फुटला आणि रक्त ओघळायला लागलं. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं: अहो, पानं चुकली. मग कॅमेरा त्याच्याकडे वळला असता आणि शुक्रवारी आईला विचारावं लागलं नसतं. त्यानंतर मात्र चव्वेचाळीस वर्षांचा वेंडेल काम मागत शहरभर हिंडला असता, आणि लोकांना दाखवायला त्याच्याकडे तीन वर्षांच्या कामाचे नमुने होते, ज्यांत रिकाम्या खोल्या होत्या.

“रक्ताचं राहिलंच,” गस म्हणाला. “पुसून येतोस?”

“ही माझी पद्धत आहे,” वेंडेल म्हणाला. “आवाज खरा लागतो.”

आसपासच्या सगळ्यांनी डोळे फिरवले, पण पटलं सगळ्यांना. नटांबद्दल त्यांचं मत असंच होतं.

मागून मॉरीन आली. तिच्या मांडीएवढ्या वहीवर पान बावन्न होतं. त्याच्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या तारखेभोवती तिने लाल वर्तुळ काढलेलं होतं.

“मिस्टर प्रॅदर, तुम्ही मेकअप करून आलात तो कुठल्या पांढऱ्याचा?”

“पांढरा म्हणजे पांढरा,” वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज सकाळच्या सरावातल्या तोंडापेक्षा चांगला मरत होता.

मॉरीन त्याच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ तिने त्याच्याकडे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, “मला समोर जे घडेल ते टिपायला सांगितलंय. तेवढंच.”

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी...”

“तुमच्यासाठी मी छत्रीसुद्धा उघडणार नाही. बाजूला व्हा, माझ्या उजेडात उभे आहात.”

शॉट सुरू झाला. कॉरीनने खांद्याने दार अडवलं आणि चेंडूकडे वळली. तिचा ओठ थरथरला. आजचं सोडलं तर तीन वर्षांत वेंडेलशी ती दोनदा बोलली होती, एकदा मीठ मागायला आणि एकदा ते नको म्हणायला. चेंडूशी मात्र तिचं फार जुनं नातं असावं. “जा,” ती म्हणाली. “मागे वळून बघू नकोस. मला तू दिसला नाहीस तरी चालेल. तू आहेस, एवढं पुरे.” कॅमेऱ्यामागे दोघांनी नाक पुसलं.

“मी गेलो,” वेंडेल म्हणाला. चेंडूचा इतका हेवा त्याला पूर्वी कधी वाटला नव्हता.

“झकास!” गस ओरडला. “एकातच! जेवा सगळे!”

मॉरीनने वहीवरून मान वर केली नाही. “कुठला पाय?”

“काय?”

“पाइपात शिरताना. कुठला पाय आधी?”

“डावा,” वेंडेल म्हणाला. त्याला नुकतंच जीवदान मिळालं होतं, एवढी माहिती द्यायला त्याची हरकत नव्हती. मग तो जेवायला न जाता सरळ बेसिनकडे गेला आणि कपाळावरची जखम ओढून काढून नळाखाली रक्त धुवायला लागला. कान लाल होईपर्यंत घासलं.

* * *

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ब्रॅम आला. बैठक चांगली झाली असावी, कारण तो शिट्टी वाजवत होता.

“झालं बावन्न?”

“झालं की,” गस बॅग भरत म्हणाला.

“गेला?”

“गेला.”

“कसा गेला?”

“सुंदर गेला. एका टेकमध्ये. लोक रडले.”

“आणि चेहरा?”

“कॉरीनचा? अप्रतिम.”

“त्याचा!”

“चेंडूचा?” गस म्हणाला.

पुढची तीन मिनिटं ब्रॅम जे बोलला ते मॉरीनने शब्दशः टिपलं. इथे देण्यासारखं त्यातलं फक्त ‘पांढरा’ एवढंच. मग त्याने खुर्चीखालची पानं उपसून गसच्या तोंडासमोर नाचवली, खुर्ची कलंडली, आणि गस शांतपणे म्हणाला, “पांढरा आला, पांढरा शूट केला. रंग बदलायचा होतास. माझं विमान सहाचं आहे.”

“वीस मिनिटं आहेत!” ब्रॅम किंचाळला. “कॅमेरा लावा! मला फक्त त्याचा चेहरा हवाय! कुठाय तो?”

वेंडेल दाराजवळ उभा होता, स्वच्छ, साबणाचा वास मारत. बाळाला आंघोळ घालून उभं करावं तसा.

“रक्त लावा याला!”

“चाळीस मिनिटं लागतील,” लुपे म्हणाली. “आणि जखम त्याने गटारात सोडलीय.”

“मग रक्ताशिवाय मरेल! धक्क्याने मरेल!” ब्रॅम वेंडेलजवळ आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तोच जास्त भीतीदायक होता. “वेंडेल. तो कॅमेरा बघ. तुझ्याकडे वळवलाय. तीन वर्षांत पहिल्यांदा. पडदाभर. तू नुसता खाली पड.”

वेंडेलने पाहिलं. भिंगात त्याचं तोंड दिसत होतं, उलटं, नखाएवढं. बरं दिसत होतं. त्याचे ओठ आपोआप उघडले.

“तसं जमणार नाही,” मॉरीन म्हणाली.

सगळे वळले. तिने वही उघडून वाचलं, “अकरा बेचाळीस. बाष्प गेला.”

“गेला म्हणजे मेलाच ना!” ब्रॅम म्हणाला. “मग बरोबर आहे!”

“गेला म्हणजे गेला. उत्तरेच्या भिंतीतल्या पाइपातून, डावा पाय आधी. कर्नल पोलादने दार सोडलं ते तो गेल्यावर. कॉरीन दोन वाजता घरी गेली, तिला परत दार धरायला आणता येणार नाही. म्हणजे आत्ता या खोलीत बाष्प नाही. जो इथे नाही, तो इथे मरू शकत नाही.”

“तो अदृश्य आहे, बाई! गेला की राहिला, कोणाला दिसतंय?”

“मला,” मॉरीन म्हणाली.

कुठेतरी एक सुतार हातोडी शोधायला लागला.

“नोंद बदल,” ब्रॅम म्हणाला.

“बदलते. खाली सही करा. मात्र हे पान आज रात्री स्टुडिओच्या साहेबांकडे जातं, तेव्हा वरची नोंद पण एकदा बघून घ्या. सकाळी सहा अठ्ठावन्न. ‘समोर जे घडेल ते टिपायचं. तेवढंच. मध्ये नाक खुपसायचं नाही.’ त्याच्या वरची माझी ओळ आहे, ‘दुसरा’ छापलेलं नाही म्हणून.”

ब्रॅमने पान वाचलं. परत वाचलं. लेखकाला स्वतःचं वाक्य इतकं वाईट वाटल्याचं वेंडेलने पहिल्यांदाच पाहिलं. मग ब्रॅम पुन्हा वेंडेलकडे वळला.

“तू सांग. तू स्वतः खाली पडलास तर ही काय करणार आहे? चेहरा हवाय की नको?”

कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून लागलेला होता. वेंडेलने त्याच्याकडे पाहिलं, मग वहीवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. डावा पाय आधी.

“मी तर गेलो,” तो म्हणाला.

चार वाजले. सुतारांनी तिजोरीची उत्तर भिंत उचलली आणि पाइपासकट बाहेर नेली.

वेंडेल मॉरीनच्या मागे पार्किंगपर्यंत धावत गेला. “बाई, तुम्ही आज माझा...”

“मिस्टर प्रॅदर,” ती गाडीचं दार उघडत म्हणाली, “तुम्ही दर शॉटला हात बदलता, पाय बदलता, तुमच्यामुळे माझी तीन वर्षं वाया गेलीत. ती नोंद बरोबर होती म्हणून बरोबर राहिली. आणि साबणाने धुतलेला चेहरा घेऊन माझ्यासमोर येऊ नका, कानामागे रक्त आहे अजून.”

* * *

पंधराव्या भागाची पानं सोमवारी आली. पान तीनवर लिहिलं होतं: पाइपातल्या विषारी वायूमुळे बाष्पाचा आवाज कायमचा गेला आहे. वर ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘पहिला पांढरा’.

म्हणजे आता बाष्प दिसत नव्हता आणि बोलतही नव्हता. करार होता, म्हणून वेंडेल बुधवारी कामावर आला. नव्या कार्यालयाच्या सेटवर कर्नल पोलाद टेबलाशी बसली होती आणि समोर स्टँडवर चेंडू होता. चेंडूच्या गळ्यात कोणीतरी सहानुभूतीने मफलर गुंडाळला होता.

“तू का आलायस?” कॉरीनने विचारलं.

“कामाला.”

“कसलं काम?”

वेंडेल दाराबाहेर जाऊन उभा राहिला. शॉट सुरू झाला. दार उघडलं, बंद झालं. कॉरीनने चेंडूकडे पाहिलं, चेंडू काही बोलला नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवीन दिग्दर्शक आनंदाने हात वर करणार इतक्यात मागून आवाज आला.

“थांबा.”

साठ माणसांनी एकाच वेळी उसासा सोडला. मॉरीन वहीत बोट घालून उभी होती.

“मिस्टर प्रॅदर उजव्या पायाने आत आले. गेले होते डाव्याने.”

“तो दिसत नाहीये!” कॅमेऱ्यावरून कोणीतरी ओरडलं. “बोलतही नाहीये! तो नाहीच आहे!”

“आहे,” मॉरीन म्हणाली. “आणि चुकलाय.”

साठ माणसं वेंडेलकडे वळली. मिनिटभर सगळे फक्त त्याच्याकडे बघत होते, डोळ्यांत खून घेऊन. लाईटवाला, सुतार, लुपे, स्वतः कॉरीनसुद्धा. चेंडूकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

वेंडेल दाराबाहेर गेला, शर्ट नीट केला, आणि डावा पाय आधी टाकून परत आत आला.